धक्क्याला बांधलेली जहाजं: छोट्या देशांच्या सैन्यात कुशल माणसं टिकवायची कशी?

खारा_वारा (धागालेखक)

२०२२ च्या अखेरीस न्यूझीलंडच्या नौदलाची तीन जहाजं ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट तळावर बांधून ठेवावी लागली. ओटागो आणि वेलिंग्टन या दोन मोठ्या गस्तीनौका आणि हावेआ ही किनारी गस्तीनौका. तेव्हा एकूण ताफा नऊ जहाजांचा होता, म्हणजे एक तृतीयांश ताफा उभा. चालवायला पुरेशी कुशल माणसं नव्हती, हे कारण. ३१ जानेवारी २०२३ ला त्याच देशाच्या हवाई दलाने ओरायन टेहळणी विमानं ठरल्यापेक्षा काही महिने आधी निवृत्त केली. जुनी विमानं उडवत ठेवून त्याच माणसांना नव्या पी-८ विमानांचं प्रशिक्षण देणं झेपणारं नव्हतं.

दुसरं उदाहरण आयर्लंडचं. २०१९ मध्ये आइथने आणि ओर्ला ही जहाजं मनुष्यबळाअभावी बाजूला ठेवली आणि जुलै २०२२ मध्ये किआरासह तिन्ही सेवेतून काढली. त्यांच्या जागी आयर्लंडने न्यूझीलंडच्याच दोन वापरलेल्या गस्तीनौका, रोटोइती आणि पुकाकी, २.६ कोटी युरोंना घेतल्या. लहान जहाज, कमी खलाशी, हा त्यातला मोठा मुद्दा होता. मे २०२३ मध्ये त्या कॉर्कला पोहोचल्या, पण नौदलात रीतसर दाखल व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला. आणि न्यूझीलंडने बांधून ठेवलेली हावेआ याच वर्गातली.

भरती कमी पडते, हे सगळेच सांगतात. मला भरतीपेक्षा टिकवण्याबद्दल चर्चा हवी आहे. आठ-दहा वर्षं मुरलेला इंजिन रूमचा तंत्रज्ञ, रडार दुरुस्त करणारा, हवाई वाहतूक नियंत्रक. ही माणसं का जातात आणि नेमकं काय केलं की थांबतात? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

मीटरपट्टी

पहिली विनंती, एकूण गळतीची टक्केवारी बघून निष्कर्ष काढू नका. ती टक्केवारी खरी असते, पण जहाज कशामुळे थांबलं ते सांगत नाही.

साधं गणित करू. एका ट्रेडमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या तांत्रिक कामाच्या शाखेत, १०० जण भरती झाले. दरवर्षी ७ टक्के गेले तर आठ वर्षांनी ५६ उरतात. १५ टक्के गेले तर २७. गळती दुपटीने वाढली आणि आठ वर्षांचा अनुभव असलेली माणसं निम्म्यावर आली. आता उलट बाजूने बघा. तुम्हाला १२ वरिष्ठ तंत्रज्ञ हवे असतील तर पहिल्या स्थितीत आठ वर्षांपूर्वी २२ जण घ्यायला हवे होते, दुसऱ्या स्थितीत ४४. प्रशिक्षण शाळेची क्षमता वर्षाला २४ असेल तर ४४ घेणार कुठून? मोठ्या देशाच्या नौदलात शेजारच्या तळावरून माणूस उसना आणता येतो. छोट्या देशात शेजारचा तळच नसतो.

आता मधल्या थराचं खरं दुखणं. तीन जहाजं आहेत. प्रत्येकावर त्या ट्रेडचे दोन वरिष्ठ लागतात, म्हणजे समुद्रावरच्या ६ जागा.

१२ माणसं असतील तर प्रत्येकजण निम्मा काळ समुद्रावर, निम्मा किनाऱ्यावर. आयर्लंडमध्ये दोन वर्षं समुद्र, दोन वर्षं किनारा अशी जी पद्धत होती, तिच्यामागे हेच प्रमाण आहे.

९ माणसं उरली तर दोन तृतीयांश काळ समुद्रावर.

७ उरली तर किनाऱ्यावर एकच माणूस. पुढचा कोर्स, आजारपण, बाळंतपणाची रजा, प्रशिक्षकाची जागा, सुट्टी, सगळं त्या एकाच्या वाट्यातून भागवायचं.

६ उरली की एकाचं अपेंडिक्स दुखलं तरी जहाज धक्क्याला.

लक्षात घ्या, १२ वरून ९ वर येताना फक्त तीन माणसं गेली. त्यांनी कदाचित पगारासाठी सोडलं असेल. पण उरलेल्या नऊजणांवर जो भार पडला त्यामुळे पुढचे दोन जातात, आणि ते पगारासाठी गेलेले नसतात. कागदावर मात्र दोन्हींची नोंद 'बाहेर चांगली संधी' अशीच होते. म्हणून निरोपाच्या वेळी भरून घेतलेल्या फॉर्मवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

आणखी एक. समुद्रावरच्या जागा भरण्यासाठी सगळ्यात आधी प्रशिक्षकांच्या जागा रिकाम्या केल्या जातात. त्या वर्षी काहीच बिघडत नाही. तीन वर्षांनी कळतं, की कनिष्ठांच्या कौशल्यवहीत सह्या करायला कोणी नव्हतं, त्यामुळे त्यांची पात्रताच झालेली नाही. पद भरलेलं, माणूस हजर, पण एकट्याने वॉच, म्हणजे जहाजावरची कामाची पाळी, सांभाळायची परवानगी नाही.

उत्तररंग

मीटरपट्टी, पटलं. पैशाबद्दल लिहितो, कारण तिथे चुका सर्वात जास्त होतात.

आयर्लंडने जानेवारी २०२१ पासून समुद्रसेवा बांधिलकी योजना आणली. तीन वर्षांपेक्षा जास्त सेवा झालेल्याने २४ महिने समुद्रावरच्या कामाची हमी दिली तर १०,००० युरो. शिवाय वर्षात किमान ८० दिवस समुद्रावर काढणाऱ्याला वेगळी करसवलत, २०२१ पासून १,५०० युरोंची. हेतू चांगला. पण अशा कोणत्याही योजनेत तीन ठिकाणी गळती होते.

एक, रक्कम करपात्र असते. वरच्या करटप्प्यातल्या माणसाच्या हातात जेमतेम निम्मी पडते. जाहीर आकडा आणि हातातला आकडा यांतला फरक बायको-मुलांसमोर हिशेब मांडताना दिसतो. आकडा जाहीर करताना करानंतरचा सांगा, निराशा तरी होत नाही.

दोन, कड्याचा प्रश्न. सगळ्यांनी एकाच महिन्यात हमी दिली की सगळे एकाच महिन्यात मोकळे होतात. चोविसावा महिना संपला की राजीनाम्यांचा गठ्ठा येतो. उपाय साधा आहे. हमीची सुरुवात प्रत्येकाच्या सेवेच्या वर्धापनदिनाशी जोडायची आणि नवीन हमी जुनी संपायच्या सहा महिने आधी समोर ठेवायची. अठराव्या महिन्यात माणूस बाहेर अर्ज करायला लागलेला असतो. चोविसाव्यात त्याच्याशी बोलून उपयोग नाही.

तीन, पात्रतेची रेघ. आज जो समुद्रावर आहे त्याला रक्कम आणि नुकताच चार वर्षं समुद्रावर काढून किनाऱ्यावर प्रशिक्षक म्हणून आला त्याला शून्य, अशी रेघ ओढली की प्रशिक्षक जातो. म्हणजे पुन्हा मीटरपट्टींच्या सह्यांचा प्रश्न.

न्यूझीलंडने आधी निवडक लोकांना एकरकमी रक्कम दिली, मग २०२३ च्या अर्थसंकल्पात चार वर्षांसाठी सुमारे ४२ कोटी न्यूझीलंड डॉलर पगारवाढीला ठेवले. बहुतेकांना वर्षाला ४,००० ते १५,००० डॉलरची वाढ मिळाली. माझं मत स्पष्ट आहे. मूळ पगार बाजाराच्या फार खाली असेल तर बक्षीस देऊन भागत नाही. बक्षिसाने दोन वर्षं मिळतात. त्या दोन वर्षांत मूळ पगार आणि कामाचं वेळापत्रक सुधारलं नाही, तर तेच राजीनामे दोन वर्षं उशिरा येतात.

रात्रपाळी

पैशावर फार वेळ जातो असं मला वाटतं. पगार बरा असूनही अनुभवाची पोकळी कशी तयार होते, याचं ठळक उदाहरण नॉर्वे.

८ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे हेल्गे इंगस्टाड ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, स्टुरे तेल टर्मिनलजवळ सोला टीएस या तेलवाहू जहाजावर आदळली. जहाजावरचे १३७ जण वाचले, फ्रिगेट गेली. अपघात चौकशी मंडळाच्या २०१९ च्या अहवालात एक भाग प्रत्येक छोट्या नौदलाने भिंतीवर लावावा असा आहे. पात्र नौकानयन अधिकाऱ्यांची टंचाई आणि बढतीच्या शिडीची रचना यांमुळे वॉच अधिकाऱ्यांना पूर्वीपेक्षा लवकर परवानगी मिळत होती, त्यांचा अनुभव कमी होता आणि त्या जागेवर ते कमी काळ राहत होते. कमी अनुभव असलेल्याच अधिकाऱ्याकडे आणखी नवख्याला शिकवण्याची जबाबदारीही होती.

म्हणजे जागा भरलेल्या होत्या. तक्त्यावर कुठे लाल खूण नव्हती. माणूस टिकवणं म्हणजे फक्त गणवेशात टिकवणं नव्हे. त्याच जागेवर पुरेसा काळ टिकवणं हेही त्यात येतं. बढती दोन वर्षांत मिळत असेल तर हुशार माणूस दोन वर्षांत ती जागा सोडणारच. त्याला दोष कसा द्यायचा?

माझी सूचना अशी: ब्रिजवरच्या (जिथून जहाज चालवतात तो कक्ष) आणि इंजिन रूमच्या कळीच्या जागांना किमान कालावधी ठरवा आणि तो पूर्ण केल्यावर मिळणारी पगारवाढ बढतीइतकीच ठेवा. वर चढला नाही म्हणून खिशाला चाट बसता कामा नये.

शांत_किनारा

+१. हेच सिंगापूरने रचनेतच बसवलं. २०१० मध्ये तिथे लष्करी तज्ज्ञांची वेगळी शिडी सुरू झाली, एमई१ ते एमई८ अशा आठ हुद्द्यांची. अभियांत्रिकी, गुप्तवार्ता वगैरे क्षेत्रांतला माणूस तुकडीचं नेतृत्व न करताही त्या शिडीवर वर जाऊ शकतो. सक्तीची सेवा असलेल्या देशाला याची गरज का पडावी? कारण सक्तीच्या सेवेने तळाची पायरी भरते. दोन वर्षांच्या सेवेत कोणी पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या सोनार यंत्रणेचा तज्ज्ञ होत नाही. मधला थर तिथेही विकतच घ्यावा लागतो आणि सांभाळावा लागतो.

नॉर्वेनेही २०१६ पासून अधिकारी आणि तज्ज्ञ अशा दोन वेगळ्या वाटा केल्या.

एक सावधगिरी मात्र हवी. वेगळी शिडी काढली आणि तिच्या वरच्या पायऱ्यांवर जागाच ठेवल्या नाहीत, तर पाचव्या पायरीवर गर्दी होते आणि तिथूनच माणसं सुटतात. शिडी जाहीर करण्याआधी प्रत्येक पायरीवर किती पदं आणि सरासरी किती वर्षं, हा तक्ता सैनिकांना दाखवला पाहिजे.

खारा_वारा

उत्तम माहिती येते आहे. शेजारी मोठा देश असला की काय होतं, त्याकडेही बघू. ऑस्ट्रेलियाने पहिली बांधिलकी संपवणाऱ्यांना आणखी तीन वर्षं थांबण्यासाठी ५०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले. त्यावर १ जुलै २०२४ पासून तिथे राहणाऱ्या न्यूझीलंडच्या नागरिकांना ऑस्ट्रेलियन सैन्यात प्रवेश खुला झाला. भाषा तीच, कामाची पद्धत जवळपास तीच, पगार जास्त. न्यूझीलंडचा तंत्रज्ञ आज राजीनामा देऊन उद्या तिकडे रुजू होऊ शकतो.

उत्तररंग

शेवटचं वाक्य दुरुस्त करतो, कारण धोरण ठरवताना हा फरक मोठा आहे. त्या वाटेने जाण्यासाठी ऑस्ट्रेलियात कायम रहिवासी म्हणून किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं, आणि मागच्या दोन वर्षांत कोणत्याही परक्या सैन्यात सेवा केलेली चालत नाही. म्हणजे कार्यरत तंत्रज्ञ या दाराने थेट जाऊ शकत नाही.

म्हणून मला खरी स्पर्धा ऑस्ट्रेलियन नौदलाशी दिसत नाही, ती तिथल्या खाणी, बंदरं आणि विमान दुरुस्ती कंपन्यांशी दिसते. डिझेल जनरेटर, हायड्रॉलिक्स, नियंत्रण प्रणाली सांभाळणाऱ्याला खाणीत दोन आठवडे काम, एक आठवडा घर असं छापील वेळापत्रक मिळतं. पगार जास्त असतोच, पण घरच्यांना पटतं ते वेळापत्रक.

खारा_वारा

दुरुस्ती मान्य, धन्यवाद. दोन वर्षांची अट माझ्या नजरेतून सुटली होती.

लोखंडी_पूल

वेळापत्रकाचा मुद्दा निघाला म्हणून. समुद्रावरच्या दिवसांच्या एकूण संख्येपेक्षा ऐनवेळच्या बदलांनी माणसं जास्त तुटतात. १४० दिवस समुद्रावर, पण तारखा चार महिने आधी ठरलेल्या, हे कुटुंबाला झेपतं. १०० दिवस, पण दर दुसऱ्या वेळी शुक्रवारी संध्याकाळी फोन येतो आणि दुसऱ्या जहाजावर जागा भरायला जावं लागतं, हे झेपत नाही. माणसं कमी असली की एका जहाजाचा माणूस काढून दुसऱ्या जहाजावरची पात्र माणसांची गरज भागवतात. हे फोन मोजा. प्रत्येक ट्रेडमध्ये महिन्याला किती वेळा १४ दिवसांपेक्षा कमी सूचनेवर हलवलं, हा आकडा राजीनाम्यांच्या आकड्याच्या सहा-आठ महिने आधी वर जातो. इशारा म्हणून याच्याइतका स्वस्त आकडा दुसरा नाही.

दुसरं, नेमून दिलेल्या कामापेक्षा वेगळ्याच कामाला जुंपणं. न्यूझीलंडमध्ये २०२० ते २०२२ सैन्याची माणसं करोना विलगीकरणाच्या हॉटेलांवर तैनात होती. देशाची गरज खरी होती, याबद्दल वाद नाही. पण त्या काळात कोर्स बुडले, सराव बुडले, तांत्रिक तास भरले नाहीत. ज्याने गॅस टर्बाइन शिकण्यासाठी गणवेश घातला त्याने लॉबीत पहारा दिला. अशी कामगिरी अपरिहार्य असेल तेव्हा टंचाईच्या ट्रेडची यादी करून ती माणसं वगळायला हवीत, आणि वगळता आली नाहीत तर प्रत्येकाचे बुडालेले तास नोंदवून ते भरून देण्याची तारीख त्याला लेखी द्यायला हवी.

तिसरं, तळ हलवणं. ओरायन विमानं ऑकलंडजवळच्या वेनुआपाईला होती, पी-८ ओहाकियाला आहेत. नवरा किंवा बायको ऑकलंडला नोकरीत, मुलं शाळेत. विमान बदलताना गावही बदललं, की टिकवण्याचा खर्च विमानाच्या बजेटमध्ये धरावा लागतो: जोडीदाराच्या नोकरीसाठी मदत, घर, ये-जा. तो सहसा धरलेला नसतो.

जिज्ञासू_वाचक

एक शंका. माणसं नसतील तर जहाज बांधून ठेवणं शहाणपणाचंच ना? उरलेल्यांवरचा भार तरी कमी होतो.

मीटरपट्टी

कमी होतो, पण वाटतो तेवढा नाही. बांधलेल्या जहाजालाही माणसं लागतात. आगीची आणि पाणी शिरल्याची फेरी चोवीस तास. शाफ्ट (जहाजाचा पंखा फिरवणारा दांडा) ठरावीक दिवसांनी फिरवायचा, नाहीतर एकाच जागी भार राहून बेअरिंगवर डाग पडतात. ओलावा शोषणारी यंत्रं चालू ठेवायची, इंधनाच्या टाकीतलं पाणी काढायचं, गंजरोधक विद्युत यंत्रणेचं माप घ्यायचं. समुद्राच्या पाण्याचे पाइप रिकामे करून गोड्या पाण्याने धुतले नाहीत तर आत शिंपले वाढतात.

आणि मोठा तोटा वेगळाच. कनिष्ठ तंत्रज्ञाची पात्रता चालत्या इंजिनाच्या तासांवर मिळते. बांधलेल्या जहाजावर ते तास मिळत नाहीत. तीन जहाजांपैकी एक बांधलं तर शिकण्याच्या जागाही एक तृतीयांशाने घटल्या. पुन्हा बाहेर काढताना गोदीतली तपासणी, सुरक्षा प्रमाणपत्रं, समुद्रचाचण्या, मग खलाशांचा टप्प्याटप्प्याने सराव. यात सहज कित्येक महिने जातात, आणि त्यासाठी जे वरिष्ठ लागतात ते तेच, ज्यांची टंचाई होती.

बांधायचंच असेल तर त्या जहाजाच्या कनिष्ठांना दुसऱ्या जहाजांवर शिकाऊ म्हणून बर्थ राखून ठेवा. सिंगापूरच्या किनारी मोहिमांच्या नौकांवर मूळ खलाशी फक्त २३ आहेत. कमी माणसांत चालणारं जहाज छोट्या देशाला हवंहवंसं वाटतं, पण २३ जणांत प्रत्येकाला दोन-तीन कामं येत असावी लागतात, म्हणून एकजण गेला तर दोन-तीन कौशल्यं जातात. जहाज निवडतानाच शिकाऊंसाठी जादा बंक मागून घ्यायला हवेत. नंतर ते घुसवता येत नाहीत.

शांत_किनारा

नागरी प्रमाणपत्रांचा जुना वादही इथे घ्यायला हवा. व्यापारी जहाजांवरच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार युद्धनौकांना लागू नाही. त्यामुळे नौदलात दहा वर्षं इंजिन चालवलेल्याकडेही व्यापारी जहाजाचं तिकीट, म्हणजे तिथे काम करायचं पात्रता प्रमाणपत्र, आपोआप येत नाही. बरेच वरिष्ठ म्हणतात, बरं आहे, तिकीट दिलं तर उद्याच जाईल.

मला हे पटत नाही. तिकीट न देणाऱ्या नौदलात हुशार माणूस मुळात कमी येतो, आणि आलेला तरुण असतानाच निघतो, म्हणजे बाहेर तिकीट मिळवायला त्याच्याकडे वेळ राहील. टप्प्याटप्प्याने द्या. पहिलं तिकीट पाचव्या वर्षी, त्याच्या मोबदल्यात दोन वर्षांची बांधिलकी. पुढचं नवव्या वर्षी, पुन्हा दोन. परीक्षा शुल्क, अभ्यासाची रजा आणि समुद्रसेवेचा प्रमाणित दाखला सैन्याने द्यायचा. तो दाखला मिळवण्यासाठी माणसाला चार कार्यालयं फिरावी लागली तर सगळी सद्भावना तिथेच संपते.

जिज्ञासू_वाचक

समजा उद्या हे काम हाती आलं, तर पहिल्या महिन्यात काय करायचं?

मीटरपट्टी

एक तक्ता. प्रत्येक ट्रेडसाठी वेगळा. उभे हुद्दे, आडवी सेवेची वर्षं. प्रत्येक चौकटीत चार आकडे: मंजूर पदं, भरलेली पदं, वैद्यकीयदृष्ट्या समुद्रावर जाऊ शकणारे, आणि त्या कामाची पात्रता खरोखर असलेले. चौथा आकडा मिळवायला वेळ लागतो, कारण तो कौशल्यवहीतून हाताने काढावा लागतो. मंजूर १०, भरलेली ८, समुद्रावर जाऊ शकणारे ६, पात्र ४, असा उतार दिसला की सगळी शक्ती त्या चौकटीवर लावायची. छोट्या नौदलात अशा चौकटी दहा-पंधरापेक्षा जास्त नसतात. म्हणजे विषय साठ-सत्तर माणसांचा आहे. तेवढ्यांशी समोर बसून बोलता येतं. बोलणारा त्यांच्या वरिष्ठांच्या साखळीबाहेरचा हवा, आणि बदलीची तारीख बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे हवा. अधिकार नसलेल्या माणसाला पाठवलं तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही.

रात्रपाळी

त्या तक्त्यात पाचवा आकडा घाला: मागच्या तीन वर्षांत सोडून गेलेले. आयर्लंडने २०२० मध्ये माजी सैनिकांना परत घेण्याची वाट उघडली. परत येणारा तंत्रज्ञ काही महिन्यांत पात्र होतो, नवा घडवायला आठ वर्षं लागतात. तिथेच २०२४ मध्ये सक्तीच्या निवृत्तीचं वय ६२ केलं. आधी कनिष्ठ हुद्द्यांची मर्यादा ५० होती, म्हणजे हातात सर्वाधिक अनुभव असतानाच माणूस बाहेर जात असे.

परत घेण्यात अडतं ते बारीक गोष्टींवर. जुना हुद्दा मिळणार का, बाहेरची वर्षं पगाराच्या पायरीत धरणार का, आणि निवृत्तिवेतन जुन्या योजनेत चालू राहणार की नव्या. आयर्लंडमध्ये १ जानेवारी २०१३ नंतर आलेल्यांची योजना वेगळी आहे, त्यामुळे हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर तीन आठवड्यांत लेखी मिळालं पाहिजे. सुरक्षा तपासणी आणि वैद्यकीय तपासणी एकापाठोपाठ न करता एकाच वेळी सुरू करा. बाहेरच्या मालकाला तो एक महिन्याची नोटीस देणार असतो, सहा महिने कोणी त्याची वाट पाहत नाही.